फाट्यावरचा पोळा

"फाट्यावर आपण उभे राह्यलो, की माशीबी डाव्या बाजूनंच उडते!" असं पोलीस शिपाई रूपराव पानठेल्यावर छाती फुगवून सांगायचा.

माश्यांबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही, कारण त्यांचं निरीक्षण कोणी केलं नव्हतं. बैलांचं मात्र साऱ्या धामणखेडीनं केलं होतं. बैल डावीकडून जात, उजवीकडून जात, मधूनही जात. आणि एखाद्याच्या पाठीला खाज सुटली, तर तो रूपराव ज्या ड्रमवर उभा असे, त्या ड्रमलाच अंग घासत राही. वर सरकारचा प्रतिनिधी शिट्टी वाजवत डुगडुगतोय, याची त्याला फिकीर नसे!

धामणखेडीचा फाटा वर्ध्याहून नागपूरकडे जाताना सेलूच्या अलीकडे लागायचा. रस्त्याच्या एका अंगाला शेतं आणि बारकी खेडी. दुसऱ्या अंगाला गाव, गावाच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ, आणि गावापलीकडे कापूस खरेदी केंद्र. म्हणजे कापसाची प्रत्येक बंडी, अर्थात बैलगाडी, हा हमरस्ता ओलांडूनच जाणार. आणि हमरस्त्यावरून एसटी, ट्रक आणि पुलगावच्या डेपोकडे जाणाऱ्या लष्कराच्या गाड्या अशा सुटायच्या, जशा काही त्यांच्या मागे मधमाश्या लागल्यात.

रूपरावचं काम तसं साधं होतं. गाडी आली की बंडी थांबवायची, गाडी गेली की बंडी सोडायची. त्यासाठीच्या हाताच्या खुणा तो नागपूरहून शिकून आला होता. धामणखेडी मात्र त्या शिकायला नागपूरला गेली नव्हती!

त्यानं पंजा वर करून 'थांबा' म्हटलं, की बंडीवाला हात जोडून म्हणे, "राम राम, रूपरावजी!" आणि बंडी पुढं. दोन्ही पंजे वर केले, तर "बरं हाय ना घरी सगळं?" आणि बंडी पुढं. एकदा तर चिडून त्यानं तळहात नत्थूजीच्या थेट नाकासमोर धरला. नत्थूजी म्हणजे धामणखेडीतला जुना, मानाचा शेतकरी. त्यानं चालत्या बंडीवरूनच त्या तळहातावर चिमूटभर तंबाखू ठेवली.

"चुना तुमच्यापाशी असनच!" म्हणाला, आणि बंडी पुढं.

दिवाळीनंतर कापूस सुरू झाला आणि एक दिवस व्हायचं ते झालंच. बंड्यांची रांग मध्येच आडवी आली आणि एसटीच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला. एसटी घसरत बाजूच्या तुरीत शिरली. माणसं वाचली, बैल वाचले. पण तुरीचं वावर भैयाजीचं होतं, आणि भैयाजी गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. बोंब थेट वर्ध्याला पोचली.

चार दिवसांनी ठाण्याचे जमादार हरिभाऊ सायकल ढकलत फाट्यावर आले. हरिभाऊंचं पोट मोठं आणि आवाज बारीक. वाईट बातमी देताना तो आणखी बारीक व्हायचा.

"रूपराव, मोठे साहेब येऊन राह्यले तपासणीले. अथी शिपाई ठेवून काही फायदा हाय का नाई, ते पाह्यतीन. नसन, तर तुह्यी बदली."

"कुठं जी?"

"अल्लीपूरच्या चौकीत."

रूपराव ड्रमवरून पडता पडता वाचला. अल्लीपूर ही त्याची सासुरवाडी! चौकीला क्वार्टर नव्हतं, म्हणजे राहणं सासऱ्यांच्या घरी. आणि सासरे महादेवराव म्हणजे अल्लीपूरचे तालेवार शेतकरी. जावई घरी गेला की ते शेजारपाजारच्या मंडळींना बोलावून ओसरीवर बसवत आणि म्हणत, "जावईबापू, थे तुमचं हाताचं करून दाखवा बरं एकदा!" मग रूपरावनं जेवणाआधी सगळ्यांसमोर 'थांबा', 'चला', 'डावीकडे वळा' करून दाखवायचं. शेवटी एखादा म्हातारा हमखास विचारायचा, "अन् याचा पगार भेटते?" हे सणासुदीला सोसणं वेगळं आणि रोज सोसणं वेगळं.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. अन्नपूर्णा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मले काय, भाकरी अथीबी थापाच्या अन् तथीबी थापाच्या."

"तुह्ये बाबा मले रोज नाचवतीन!"

"मंग थांबवा ना बैल. पोळ्याले नाई का थांबत?"

ती सहज बोलली. पण रूपरावच्या डोक्यात काहीतरी लख्खकन पेटलं. पोळा!

पोळ्याच्या दिवशी सगळ्या गावाचे बैल मारुतीसमोर तोरणाखाली ओळीनं उभे राहतात. शिट्टी नाही, ड्रम नाही, नागपूरचं शिक्षण नाही. नुसती आंब्याच्या पानांची एक दोरी, आणि एकाही बैलाचा खूर तिच्यापुढं जात नाही! मानकऱ्यानं तोरण तोडल्याशिवाय त्याखालून बैल नेणं म्हणजे साऱ्या गावाची बेअब्रू. मायचा लाल कोणी तसं करणार नाही.

दुसऱ्या दिवशी रूपरावनं फाट्यावरच्या दोन कडुनिंबांमध्ये, जिथं बंड्यांची वाट हमरस्त्याला मिळते तिथं, अंबाडीचा दोर बांधला. आधी त्यावर लाल फडकं लावून पाहिलं. बैल बुजले. फडकं काढून आंब्याची पानं खोवली. पहिली बंडी आली आणि तोरणापाशी थांबली. दुसरी तिच्या बाजूला. तिसरी त्यांच्या मागे. बैल थांबत होते की बैलवाले, हे रूपरावनं काही तपासून पाहिलं नाही. पण कापसाची अख्खी रांग चित्रासारखी उभी राहिली! समोरून एसटी गेली, ट्रक गेला, लष्कराच्या गाड्या गेल्या. मग रूपरावनं दोराचं एक टोक ओढून तोरण हळूच वर उचललं आणि बंड्या शिस्तीत खालून निघून गेल्या.

रूपरावला रडूच यायचं बाकी राहिलं. त्या दिवशी पानठेल्यावर माश्यांच्या जोडीला डाससुद्धा डाव्या बाजूनं उडाले.

फक्त नत्थूजी कुरकुरला. "रूपरावजी, तोरण उचलत नाईत. तोडते."

"हे सरकारी तोरण हाय, नत्थूजी."

"तोरण सरकारी असन, बैल सरकारी हायेत का?"

या कुरकुरण्यामागे एक दुखणं होतं, आणि ते रूपरावला ठाऊक असायला हवं होतं, कारण तो स्वतः तिथं बंदोबस्ताला उभा होता. त्या वर्षीचा पोळा धामणखेडीत फुटलाच नव्हता, म्हणजे तोरण तुटून बैल सुटलेच नव्हते! तोरण कोणी तोडायचं यावरून नत्थूजी आणि भैयाजी यांच्यात जुंपली. नत्थूजी म्हणे मान माझ्या आज्याचा, भैयाजी म्हणे माझ्या पणज्याचा. दोघांची माणसं काठ्या घेऊन उभी राहिली. शेवटी हरिभाऊ जमादारांनी तोरण सोडून, गुंडाळून ठाण्यात जमा केलं आणि बैल गुपचूप घरी गेले. ना हर हर महादेव, ना धावणं, ना दारोदार पूजा. तेव्हापासून गावाच्या मनात सल होता की बैलांचा मान राहून गेला.

तपासणीच्या आदल्या दिवशी रूपरावनं नत्थूजीला आणि भैयाजीला मुद्दाम गाठलं. दोघं एकमेकांशी बोलत नसल्यामुळं एकच गोष्ट त्याला दोनदा सांगावी लागली.

"उद्या मोठे साहेब येऊन राह्यले. तोरणाचं सगळं त्यायच्या हातात हाय. बंड्या जरा नीटनेटक्या आणजा."

नत्थूजीनं आधी तंबाखू मळली. मग म्हणाला, "साहेब कुठचे?"

"कोकणातले."

"म्हणजे भैयाजीच्या नात्यातले नाई?"

"नाई जी!"

"मंग हरकत नाई."

तिकडे भैयाजीनंही नेमकं तेच विचारलं आणि त्याचीही हरकत निघाली नाही. हे दोघं कशाला हरकत घेत नाहीयेत, हे विचारायचं मात्र रूपरावला सुचलं नाही. तो खुशीत घरी गेला आणि अन्नपूर्णेला म्हणाला, "साहेबाचं जेवण आपल्याकडे. पुरणपोळी कर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपराव कडक इस्त्रीच्या गणवेशात फाट्यावर गेला आणि पाहतो तर काय! बंड्या आल्या होत्या. पण बैलांच्या शिंगांना रंग होता, डोक्याला बाशिंग होतं, अंगावर आरशांच्या झुली होत्या. बंड्यांत शिगोशीग कापूस होता, आणि कापसावर खेळण्यातल्या मोरांसारखी नटलेली पोरंसोरं. डफडं वाजत होतं. मीराबाई, म्हणजे नत्थूजीची बायको, पूजेचं ताट घेऊन उभी होती. सगळ्यात पुढं, तोरणाला नाक लावून, शेजारीशेजारी दोन जोड्या. एक नत्थूजीची, एक भैयाजीची!

"हे काय हो, नत्थूजी?" रूपरावचा आवाज हरिभाऊंसारखा बारीक झाला.

"नीटनेटक्या आणा म्हणे ना तुमी?"

तेवढ्यात जीप आलीच. साहेब उतरले. उंच, गोरे, चष्मेवाले. मागून हरिभाऊ उतरले, त्यांनी समोरचा देखावा पाहिला आणि पुन्हा जीपमध्ये चढायला लागले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"वाहतूक, साहेब!" रूपरावनं खाडकन सलाम ठोकला.

साहेब रांगेच्या कडेनं चालत गेले. त्यांनी वाकून चाकं पाहिली, जमीन पाहिली. हमरस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला आणि एकाही बैलानं पाय उचलला नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर नवल उमटलं.

"जमादार, एकही चाक दोराच्या पुढे नाही! मुंबईत मोटारी अशा थांबत नाहीत."

हरिभाऊ सावकाश जीपमधून उतरले. "आमच्याच मार्गदर्शनाखाली, साहेब."

रूपरावला अल्लीपूर दूर दूर जाताना दिसू लागलं. महादेवरावांची ओसरी, ते म्हातारे, सगळं धुक्यात विरघळलं. तो तोरणाचं टोक उचलायला कडुनिंबाकडे पळाला. आणि घात झाला तो तिथंच, कारण आता त्याच्या आणि साहेबांच्या मध्ये डफडं होतं!

मीराबाईनं साहेबांना ओवाळलं. साहेबांना वाटलं, गावाकडची पद्धत असेल. नत्थूजीनं त्यांच्या कपाळाला टिळा लावला. साहेबांना वाटलं, असेल. मग भैयाजीनं बंडीवर चढून, एक हात कानावर ठेवून झडती, म्हणजे पोळ्याला म्हणायचं कवन, म्हटली:

"रस्त्याले रस्ता, रस्त्याले फाटा,
रूपरावच्या शिट्टीचा भलताच ताठा!
एसटी म्हणते मले लवकर जाऊ दे,
बैल म्हणते आंधी माह्या टिका लावू दे!"

"हर हर महादेव!" गाव गरजलं. साहेब हसले, टाळ्याही वाजवल्या. तेवढ्यात नत्थूजीनं त्यांच्या हातात विळा दिला आणि तोरण दाखवलं.

"उद्घाटन आहे होय?" साहेब म्हणाले. "मला आधी सांगायचं ना!"

"साहेब, नका! नका तोडू!" कडुनिंबाखालून रूपराव जिवाच्या आकांतानं ओरडला. ऐकू गेलं नाही. त्यानं शिट्टी फुंकली. गावाला वाटलं, हीसुद्धा वाजवायचीच असते. डफडेवाल्यानं तिच्यावर ताल धरला!

साहेबांनी तोरण कापलं.

आता, जे बैल श्रावणापासून अडून राहिलेत, त्यांच्यासमोर तोरण तुटल्यावर काय होतं, याचं वर्णन शास्त्रशुद्ध भाषेत करणं कठीण आहे. एवढंच सांगता येईल की आधी बंड्या होत्या, मग धूळ होती. "पोळा फुटला!" अशी आरोळी उठली. माणसं तोरणाचं एखादं पान मिळावं म्हणून एकमेकांच्या अंगावर पडली. साहेब विळा घेऊन नेमके नत्थूजीच्या जोडीपुढं उभे! हरिभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा चपळाई दाखवली. त्यांनी साहेबांना कमरेला धरलं आणि भात्यात बाण टाकावा तसं बंडीतल्या कापसात टाकलं. बंडी सुटली. साहेबांचे फक्त बूट आणि चष्मा वर दिसत होते, तेही एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर.

आणि त्याच वेळी वळणावरून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

रूपरावनं शिट्टी टाकली, दोर टाकला. अल्लीपूर डोक्यातून गेलं, साहेब गेले, नागपूरच्या खुणा गेल्या. तो धावत हमरस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात पसरून एसटीसमोर उभा राहिला. ही खूण त्याला कोणी शिकवली नव्हती. रस्त्यावर रांगत गेलेल्या लेकराच्या मागे धावणारी आई जशी उभी राहील, तसा तो उभा होता.

"थांब!"

ब्रेक किंचाळले. एसटीचं नाक रूपरावच्या छातीपाशी येऊन थांबलं, इतकं जवळ की टोपीवर रेडिएटरची गरम वाफ आली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. हा तोच, भैयाजीच्या तुरीत गेलेला!

"मराले आला का बे?"

"पोळा हाय!" रूपराव डोळे मिटून ओरडला.

"आत्ता? कापसात?"

"हो!"

ड्रायव्हर विदर्भातलाच होता. त्यानं इंजिन बंद केलं, बिडी काढली आणि म्हणाला, "मंग जाऊ द्या."

रूपरावच्या पाठीमागून एकेक बंडी धडधडत रस्ता ओलांडून गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पहिल्याच बंडीतून जाताना कापसातला चष्मा वळून वळून या हात पसरलेल्या माणसाकडे पाहत होता.

बैल थांबले ते थेट मारुतीपाशी. देवाला दाखवून झालं, की बैल दारोदार जाणार आणि पूजा घेणार, ही रीत. आणि मारुतीशेजारचं पहिलं दार पोलीस क्वार्टरचं! अन्नपूर्णा साहेबांची वाट बघत दारात होती. तिच्यासमोर नत्थूजीची सजलेली जोडी येऊन उभी राहिली. तिनं काही विचारलं नाही. पाणी आणून बैलांचे पाय धुतले, टिळा लावला, आत गेली आणि पुरणपोळ्यांची परात घेऊन आली. एका जोडीला दिल्यावर दुसरीला नाही कसं म्हणणार? रूपराव धापा टाकत पोचला तेव्हा भैयाजीचा डावा बैल शेवटची पोळी चघळत होता.

"अवो, थ्या साहेबाच्या होत्या!"

"दारात आलेला बैल उपाशी धाडू? साहेब का, उद्याबी येतीन." मग तिचं लक्ष बंडीकडे गेलं. "हा कोण पिंजारी आणला?"

कापसातून साहेब उठून बसले. केसांत कापूस, मिशीत कापूस, कपाळावर टिळा आणि हातात विळा. कोकणातल्या एखाद्या दशावतारातही असं पात्र आलं नसेल.

"मीच साहेब," ते क्षीण आवाजात म्हणाले. "जेवायला आलो होतो."

साहेबांनी ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. ठेच्यानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यामुळे ते रागावलेत की काय हे कोणालाच कळेना. बाहेर एक चमत्कार घडत होता. नत्थूजी आणि भैयाजी एकाच ओट्यावर बसून, एकाच चंचीतली तंबाखू मळत होते! मान ना याला गेला, ना त्याला. कोकणात गेला.

हरिभाऊंनी खाकरून सुरुवात केली. "साहेब, या रूपरावच्या बदलीचं. अल्लीपूरले..."

"बदली?" साहेब ताटावरून उठता उठता थांबले. त्यांनी रूपरावकडे पाहिलं. "एसटीसमोर उभा होतास ना तू?"

"हो जी."

"पुन्हा उभा राहू नकोस. फार जवळ होती." त्यांनी मिशीतला कापूस काढला आणि हरिभाऊंकडे वळले. "बदली अजिबात करायची नाही. हा माणूस इथंच राहील."

रूपरावनं टाचा जुळवून सलाम ठोकला.

"अल्लीपूरला जाऊन त्यानं तिथंही तोरण बांधलं तर?" साहेब म्हणाले. "एका जिल्ह्यात एवढं पुरे आहे!"

अर्थात पानठेल्यावर रूपरावनं यातलं फक्त एकच वाक्य सांगितलं. "साहेब म्हणे, हा माणूस अथीच पाह्यजे!" अल्लीपूरलाही तोच निरोप गेला.

तोरणावर त्या दिवसापासून बंदी आली. दुसऱ्या दिवशी रूपराव ड्रमवर चढला. समोरून बंड्यांची रांग आली. त्यानं देवाचं नाव घेऊन पंजा वर केला.

नत्थूजीची बंडी थांबली! भैयाजीची तिच्या बाजूला थांबली! मागची अख्खी रांग थांबली. राम राम नाही, तंबाखू नाही. आपले बैल जाईस्तोवर एसटी छातीवर झेलणाऱ्या माणसाचा पंजा गावाला आता कळत होता. रूपरावनं ट्रक जाऊ दिला, डोळे पुसले आणि ऐटीत हात फिरवून 'चला'ची खूण केली.

कोणी हललं नाही.

त्यानं पुन्हा खूण केली. शिट्टी वाजवली. बैल शांतपणे रवंथ करत होते.

"काऊन, नत्थूजी? चला ना!"

"आंधी टिका," नत्थूजी म्हणाला.

तेव्हापासून कापूस संपेपर्यंत रूपरावच्या एका खिशात शिट्टी असे आणि दुसऱ्या खिशात कुंकवाची डबी. शिट्टी सरकारी होती. डबी अन्नपूर्णेची होती, आणि ती रोज रिकामी होऊन घरी आली की भाकरी वाढता वाढता अन्नपूर्णा एवढंच विचारी, "काहो, माश्यायलेबी लावता का?"